राईवरचा पांढरा चौकोन

३ सप्टेंबर

आज वाडी पालथी घातली. म्हशीचा पट्टा खांद्यावर टाकून सकाळपासून फिरतेय आणि भेटेल तो विचारतोय, "म्हैस कुठंय?" शेवटी गोरखदादाला म्हटलं, मीच म्हैस, बोला काय ते. तो हसला, पण आईच्या कानावर गेलं आणि घरी आल्यावर तिने तोंड सोडलं. चाकणची नोकरी सोडून आलेली पोरगी असं बोलायला लागली तर स्थळं कशी येणार, म्हणे. नकोच यायला.

सगळ्यांना समजावून घसा बसलाय, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. पट्टा गुराच्या गळ्यात. त्यातून थोड्या थोड्या वेळाने एक सिग्नल सुटतो. तो ऐकायला तीन डबे बसवलेत, शाळेच्या छपरावर, पाण्याच्या टाकीवर आणि मारुतीच्या देवळावर. डब्याला जनावर कुठे आहे ते कळत नाही, फक्त आवाज मोठा आला की बारीक एवढंच कळतं. आणि आवाज बारीक म्हणजे जनावर लांबच, असंही नाही. मध्ये टेकाड आलं, ओली भिंत आली, गुराचं स्वतःचं धूड आलं तरी आवाज पडतो. म्हणून वाडीच्या नकाशाचे चौकोन पाडले आणि एकेका चौकोनात पट्टा घेऊन उभी राहिले. तिथून कोणत्या डब्याला किती ऐकू येतं ते टिपलं. उद्या एखादी म्हैस बोलली की प्रत्येक चौकोनाला विचारायचं, बाबा रे, हे तीन आवाज तुझ्याकडून आले असण्याची शक्यता किती? ज्याची जास्त तो लाल, कमी तो पिवळा, मुळीच नाही तो पांढरा. झालं. यात जादू नाही आणि सॅटेलाइटही नाही.

राईचा चौकोन पांढरा ठेवला. वर्षाची पूजा सोडली तर देवाच्या राईत कुणी जात नाही, गेलं तर अनवाणी, आणि तिथलं वाळकं काटूकसुद्धा बाहेर आणायचं नाही. जे आत गेलं ते देवाचं. "जनावर तर राईत जातच न्हाई," गोरखदादा म्हणाला. त्याचा बांध राईला लागूनच आहे, आणि हे तर मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. शून्य घातलं आणि पुढे गेले. तेवढीच एक चक्कर वाचली.

संध्याकाळी गोरखदादाची बायको रत्नावहिनी विरजण मागायला आली. "आरतीताई, राईतलं दिसतंय का गं तुज्या मशीनला?" मी म्हटलं, नाही, तो चौकोन बादच केलाय. "बरं," म्हणाली आणि विरजण न घेताच गेली. कुठल्या तंद्रीत असते देव जाणे.

९ सप्टेंबर

पट्टे बांधून झाले. जानकूमामाने दिवसभर डोकं उठवलं.

अख्ख्या वाडीची गुरं तोच वळतो, त्याचा बाप वळायचा म्हणून. त्याबद्दल घरटी भात नि नाचणी. "मी काय मेलोय का गं?" सगळ्यांसमोर म्हणाला. "तुजा डबा बिबट्याला हाड म्हनंल का? वासरू चिखलात रुतलं तर उतरंल का खाली?" लोक हसले. मी म्हटलं, मामा, दुपारी तुम्ही ओढ्यावर पालथे पडता तेव्हा तरी डबा जागा असेल. मग लोक जास्त हसले आणि मामाचं तोंड पडलं. पडू दे. पोरीबाळींनी काही नवीन काढलं की त्याची टर उडवायचीच, हा इथला धर्म झालाय. मी काही टर उडवून घ्यायला परत आलेली नाही.

१४ सप्टेंबर

सापडलं! गोरखदादाची मैना म्हैस रोज दुपारी कळपातून उठते, आणि नकाशात लाल होतो टेकाडामागचा जानकूमामाच्या अंगणाचा चौकोन. एकदा नव्हे, रोज. तिन्ही डब्यांना आवाज एकदम बारीक, आणि एवढा बारीक आवाज माझ्या नोंदींत त्याच अंगणातून येतो. म्हणजे कळप बसलेला असताना हा मैनेला घरी नेऊन गुपचूप पिळतोय. वर मला म्हणतो, मी मेलोय का!

गोरखदादाला एकट्याला गाठून सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे. गरीब हाय तो. कुनाला बोलू नगंस." मनाचा किती मोठा माणूस! बरं, एवढं दूध चोरीला जाऊनही डेअरीत त्याच्याच दुधाला वाडीत सगळ्यात जास्त फॅट लागते. मैना न पिळता घरी आली असती तर काय झालं असतं?

२२ सप्टेंबर

मैना काल संध्याकाळी परत आली नाही. आज सकाळी सगळी वाडी आमच्या ओसरीवर.

मी लॅपटॉप उघडला. जानकूमामाचं अंगण लालभडक. शंभरात चौऱ्याण्णव. मी स्क्रीन लोकांकडे फिरवली. देवाची पूजा सावळेरामबाबा करतात. ते पुढे वाकून बघत म्हणाले, "म्हंजे उजवा कौल पडला की."

आमच्याकडे अडलं की कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि सवाल घालायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी म्हटलं, बाबा, हा कौल नाही, अजून सहा टक्के शिल्लक आहेत. पण तोवर ओसरी रिकामी झाली होती. खरं सांगायचं तर मी फार जोरात म्हटलंच नव्हतं. मामाच्या ओढ्यावरच्या झोपेवरून लोक हसले होते, ते हसणं मला अजून पुरलं नव्हतं.

सगळ्यांच्या मागून मीही गेले. मामाच्या गोठ्यातली वैरण उपसली, सरपणाची रास पाडली. मामा अंगणात उभा होता. "हुडका, हुडका. चुलीतबी बघा," म्हणत होता. मैना नव्हती. कुणीतरी म्हणालं, विकली असंल रातोरात. गोरखदादा हळूच म्हणाला, "मशीन खोटं कशाला बोलंल?"

२३ सप्टेंबर

आज मामाकडे कुणी गुरं दिली नाहीत. तो नेहमीप्रमाणे आळीतून हाका घालत गेला, एकही गोठा उघडला नाही. परत येताना त्याला दारातून पाहिलं. हातात नुसती काठी, आणि चालायला कुणी पुढे नाही.

दोन दिवसांनी देवळात बैठक आहे. मामाने कबूल केलं नाही तर गुरं वळायचं काम कायमचं काढून घ्यायचं आणि घोडेगावला पोलिसांत जायचं, असं ठरतंय. पुरावा काय, तर माझा नकाशा.

दुपारी हातातला छोटा रिसीव्हर घेऊन मामाच्या अंगणात गेले. पट्टा अजून बोलतोय, तिन्ही डब्यांना बारीक बारीक ऐकू येतोय. म्हणजे तो जिथे कुठे आहे तिथे याच क्षणी आहे. इथे असता तर माझ्या हातातल्या रिसीव्हरने केकाटायला हवं होतं. गोठ्यात नाही, माळ्यावर नाही, परसात नाही. चिडीचूप. मामा उंबऱ्यात बसून बघत होता.

"काय म्हनतंय?"

"काही नाही म्हणतंय."

"मंग सांग की जाऊन त्यास्नी."

मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. म्हणे, मोठं मशीन बरोबर, हे बारकं बिघडलं असेल. काल टक्के कळत नव्हते, आज मोठं-बारकं कळायला लागलं!

२४ सप्टेंबर

मामाच्या अंगणातली शांतता हीसुद्धा एक नोंदच आहे, म्हणून ती गणितात घातली. अंगणाचा लाल रंग धुऊन गेला आणि बंधाऱ्याच्या मधोमध उमटला. बंधाऱ्यावर गेले. रिसीव्हर गप्प. तेही घातलं. मग लाल झालं शाळेच्या गुरुजींचं बंद घर. तिथेही गेले, खिडकीतून डोकावले, आतून घूस पळाली. तेही घातलं. मग देवळामागचा खडक, मग स्मशान. शेवटी अख्खा नकाशा फिक्का पिवळा पडला. म्हणजे माझ्या गणिताला म्हणायचं होतं, कुठेच नाही, पण कुठेतरी असायलाच हवी, म्हणून सगळ्यांवर थोडं थोडं ढकलतो.

हातात चहा होता तो गार झाला. सगळ्या चौकोनांना विचारून झालं होतं. एकाला मी कधी विचारलंच नव्हतं.

राई. शून्य.

शून्याला कशानेही गुणा, शून्यच. मैना राईत उभी राहून गळा फाटेपर्यंत ओरडली असती तरी माझ्या गणिताने तिचा आवाज उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकला असता. आणि टाकलाच. राई देवळाच्या डब्याला अगदी जवळ, पण आतली झाडी दाट आणि सप्टेंबरात टपटप ओली, आवाज पिऊन टाकणारी. तिथून येणारा बारीक आवाज आणि टेकाडामागून येणारा बारीक आवाज सारखेच दिसणार. दोघांतल्या एकाचं नाव मी आधीच खोडून ठेवलं होतं, मग उरलेला चोर.

राईला इतर चौकोनांएवढाच वाटा दिला. झाडी किती आवाज खाते याचा अंदाज धरला आणि पुन्हा मांडलं. राई लाल. शंभरात पंचाहत्तर.

मग आधीच्या दुपारी आठवल्या. रोजच्या. आणि ते फॅट. आणि "राहू दे, गरीब हाय तो." मी उठले आणि दारातल्या घमेल्याला अशी लाथ मारली की आई चुलीपासून धावत आली. गोरखदादा, म्हणे मोठ्या मनाचा! राईतलं हिरवं गवत खायला म्हैस रोज बांधावरून आत सोडायची आणि दोष मामावर जाताना गप्प बसायचं! आता तर तोंड उघडायची सोयच नाही, कारण जे आत गेलं ते देवाचं. म्हैस चोरीला गेली तर परत मिळते, राईत गेली तर मिळत नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "राईचं नाव काढू नगंस. चुकलं माजं, म्हन आन मोकळी हो." चुकलं हे म्हणणारच आहे. पण तेवढ्यावर मोकळी होणार नाही.

२५ सप्टेंबर

आजचं आजच लिहिते.

देवळात सगळी वाडी होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, नकाशा चुकला. मशीन नव्हे, मी चुकले. राईला शून्य मी घातलं. जानकूमामाच्या अंगणात मैना नाही, नव्हती. ती राईत असण्याची शक्यता जास्त आहे.

एकदम गलका. गोरखदादा उठला. "परवा चौऱ्यान्नव व्हतं, आज पंच्याहत्तर म्हनती. उद्या माजं घर दाखवंल! आन राईत जनावर जात न्हाई, हे हिनंच लिवलं व्हतं का न्हाई, इचारा."

"तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं," मी म्हटलं. "आणि पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तरच. उरलेल्या पंचवीसला माझी ना नाही. आत जाऊन बघितलं की कळेल."

"आत कोन जानार? तू?"

सावळेरामबाबा म्हणाले, कौल लावू. लावला. गोरखदादाने सवाल घातला, "देवा, जनावर राईत असंल तर उजवा दे." फुलं दोन्ही खांद्यांना चिकटून राहिली. उजवं पडेना, डावं पडेना. बाबांनी हात जोडले. "देव बोलत न्हाई."

"म्हंजे न्हाईच," गोरखदादा म्हणाला, आणि लोकांनी माना हलवल्या.

माझं डोकंच फिरलं. "गप्प राहणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे! हीच चूक करून मी या माणसाच्या सरपणाची रास पाडली. राई गप्प होती म्हणून मी तिला नाही म्हणाले. आता देव गप्प आहे तर तुम्ही त्याच्या नावावर नाही टाकताय. आज मी ते चालू देणार नाही."

आणि तेव्हा जानकूमामा बोलला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"चोर म्हना मला. पर राईत पाय नगा घालू कुनी. माज्यापायी नगं."

या माणसाला वाचवायला मी उभी, आणि हाच आडवा! मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. म्हटलं, "मामा, तुमच्यापायी नाही जात. मी बोट दाखवलं ते मीच मागे घेणार." देवळाच्या पायरीवर चपला काढल्या, रिसीव्हर घेतला आणि चालू लागले. आई मागून "आरते, आरते" करत होती. कुणी हात धरला नाही.

आत पाय टाकताना भीती वाटली. वाटली ती वाटली. मी काही देव न मानणारी नाही. मनात म्हटलं, बा देवा, काही न्यायला आलेली नाही. पाचोळा गार, वर आभाळ दिसेना. रिसीव्हर आधी गप्प, मग एक टिक, मग टिकटिक. पुढे पायवाट दिसली. माणसाची नव्हे, खुरांची, चांगली मळलेली. शेणाचे पोह, काही ताजे, काही पार वाळून गेलेले. एका दिवसाचं हे काम नव्हतं.

झऱ्याजवळ मैना उभी होती. गारंबीच्या वेलाचा हातभर जाड पिळा गळ्यातल्या पट्ट्यातून आत शिरून आवळला होता. माझ्या पट्ट्यातून! तोंड पोचेल तिथवरचा पाला तिने ओरबाडून संपवला होता, पोट खपाटीला गेलं होतं. मला बघून हंबरली. मीही काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. वेल कापायचा प्रश्नच नव्हता, राईतलं पान तोडत नाहीत. पट्ट्याचं बक्कल ओलं होऊन घट्ट बसलं होतं. नखं तुटली तेव्हा सुटलं.

मी तिला ओढलं नाही, हाकललं नाही. ती स्वतःच वळली आणि त्याच मळलेल्या वाटेने चालू लागली. मी मागे. ती कुठेही थांबली नाही, कुठेही चुकली नाही. बांधाच्या कुंपणात एका जागी काट्याची फांदी नुसती टेकवून ठेवलेली होती. मैनेने ती शिंगाने अशी बाजूला सारली, जशी आपण घरातली कडी काढतो, आणि सरळ गोरखदादाच्या शेतात उतरली. तिथून त्याच्या गोठ्यात.

लोक देवळापुढून उठून बांधावर आले होते. सगळ्यांनी पाहिलं. मी बाहेर आले आणि रिकामे हात वर करून दाखवले. "मी काहीच आणलेलं नाही. पट्टाही तिथेच ठेवलाय. ती तिच्या वाटेने आली. वाट कुणाची, ते तुम्ही ठरवा."

गोरखदादा त्या काट्याच्या फांदीकडे बघत उभा होता. कुणी त्याला एक शब्द विचारला नाही. मामालाही कुणी काही म्हटलं नाही. हळूहळू सगळे घरी गेले.

२७ सप्टेंबर

सावळेरामबाबांनी निवाडा केला. म्हैस आपल्या पायांनी आली, म्हणजे देवाने सोडली. आत गेल्याबद्दल मी नारळ द्यायचा. मी म्हटलं, देते, पण गोरखदादा किती देणार? बाबा म्हणाले, तू लई बोलतीस. नारळ दिला. गोरखदादाने अजून दिलेला नाही.

पट्टा राईतून अजून बोलतोय. नकाशावरून पांढरा रंग मी कायमचा काढून टाकलाय. कोणत्याही चौकोनाला, कोणत्याही घराला शून्य नाही आणि शंभरही नाही. काल काही जण आले, म्हणाले, हे फिकं-गडद कशाला, नेमका एक ठिपका दाखव. नाही दाखवणार म्हटलं. नेमका ठिपका हवा असेल त्यांनी पट्टे काढून आणून द्यावेत. दोघांनी आणून दिलेही.

मामाकडे अजून कुणी गुरं दिली नाहीत. कुणी चोर म्हणत नाही आणि कुणी चुकलो असंही म्हणत नाही. गोठे आपले बंद. दिलेलं दूषण परत घ्यायचं म्हणजे त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं ना.

२९ सप्टेंबर

सकाळी जानकूमामा ओसरीवर येऊन बसला. आईने चहा दिला, तो तसाच राहिला. परत आलेल्या पट्ट्यांतला एक त्याने उचलला.

"ह्यो मला बांध."

मला आधी चेष्टा वाटली. ती चेष्टा नव्हती. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान पुढे केली.

"म्हंजे मी कुठं गेलो, कुठं बसलो, समद्यास्नी दिसंल. परत कुनाचं काय हरवलं तर मला हुडकाया यायचं काम न्हाई."

"मामा, माणसाला बांधायला नाही केला मी हा."

"तुज्या मशीननं चोर केलं. आता त्यानंच सोडवावं. तुजं माजं कोन ऐकतंय?"

"ते कुणाला सोडवत नाही. फार तर शक्यता कमी-जास्त करतं."

"मंग काय उपेग त्याचा?"

"पुन्हा काही हरवलं आणि ते तुमच्या दारात आले, तर मी दारात आडवी उभी राहीन."

मामाने मान वर केली. आवाज चढवला नाही, रागानेही बोलला नाही. "मागल्या बारीला तूच घिऊन आली व्हतीस की गं त्यास्नी."

पट्टा त्याच्या हातातून काढून घेतला. टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याची काठी उचलली आणि म्हटलं, चला. कुठं, म्हणाला. म्हटलं, गुरं आणायला.

आळीतून दोघं गेलो. तो हाक घालेना, म्हणून मीच घातली. "गुरं सोडा! जानकूमामा आलाय, गुरं सोडा!" जो आवाज आई आयुष्यभर बारीक करायला सांगत आली, तो आज सगळाच्या सगळा लावला. आईने आमची गाय स्वतः आणून उभी केली. पुढे कुठे दार उघडलं, कुठे नुसती फट दिसली आणि मिटली. मिटलेल्या प्रत्येक दारापुढे मी थांबले, दुसऱ्यांदा नाव घेऊन हाक घातली आणि मगच हलले. मामा खाली बघत होता. मी नाही बघितलं.

गोरखदादाच्या दारात हाक घातली. आतून त्याचा आवाज आला, "आपली न्हाई जायाची."

तरी गोठ्याची कडी वाजली. रत्नावहिनी मैनेला घेऊन बाहेर आली. मागे वळून बघितलं नाही. पदर खोचून तिने दावं जानकूमामाच्या हातात दिलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, दुपारच्याला हिच्यावर ध्यान ठिवा. राईत जायाची सवय आमीच लावलीया तिला."